क्लीव्हडनचा धक्का

टेनिसनचें ‘इन् मेमोरियम्’ ज्यांनीं कॉलेजांत असतांना अभ्यासिलें असेल त्यांस क्लीव्हडन हें नांव अगदींच परकें वाटणार नाहीं. टेनिसनचा मित्र आर्थर हॅलम हा १८३३ सालच्या सप्टेंबरांत व्हिएन्ना येथें ऐन बाविशींत अकस्मात् वारला. त्याचा देह समुद्रमार्गानें इंग्लंडांत आणून पुढील जानेवारींत ब्रिस्टलजवळच्या समुद्रकांठच्या एका लहानशा गांवीं पुरण्यांत आला. आणि त्या शोकाचें काव्य होऊन बाहेर पडावयास १८५० साल उजाडलें. एवढी हकीकत पाठ्यपुस्तकाच्या टीपांतून प्रत्येक विद्यार्थ्याच्या डोळ्यांखालून गेलेली असते. तें गांव म्हणजे क्लीव्हडन. हॅलमची आई तेथील एल्टन घराण्यांतली. बाप हेन्री हॅलम, ज्याचा इंग्लंडच्या राज्यघटनेचा इतिहास आमच्याकडील जुन्या पदवीधरांनीं परीक्षेच्या धाकानें कां होईना पण पानोपान वाचलेला होता. याच गांवीं १७९५ सालीं नुकतेंच लग्न झालेला कोलरिज आपल्या पत्नीसह एका झोंपडीवजा घरांत राहिला होता, आणि खिडकींत ठेवलेल्या वायुवीणेवर त्यानें कविता केली होती.

आम्ही स्वतः पंचवीस वर्षें हें काव्य वर्गांत शिकवीत आलों आहों. त्यामुळें क्लीव्हडन म्हटलें कीं आमच्या मनापुढें एक थडगें, एक नदीमुख व भरतीचें पाणी एवढेंच चित्र उभें राही. त्या गांवांत माणसें राहतात, त्यांस घरपट्टी भरावी लागते, दुकानें चालवावीं लागतात, आणि उन्हाळ्यांत पाहुणे आले नाहींत तर त्यांच्या चुली मंदावतात, हा विचार आमच्या मनांत कधीं आला नाहीं. वाङ्मयाच्या अध्यापकांस ही खोड असतेच; गांवापेक्षां त्याच्या टीपेवर त्यांचा विश्वास अधिक. पुढें कांहीं निमित्तानें त्या गांवच्या लोखंडी धक्क्याची हकीकत आमच्या वाचनांत आली, आणि तिनें आम्हांस जितकें गुंतविलें तितकें तेथील थडग्यानेंही गुंतविलें नव्हतें. तीच येथें सांगावयाची आहे.

प्रथम हा धक्का, ज्यास तिकडे ‘पियर’ म्हणतात, तो काय पदार्थ आहे तें सांगितलें पाहिजे. कारण आमच्याकडील धक्क्यांवरून त्याची नीट कल्पना येत नाहीं. कोंकणच्या बंदरांतला धक्का दगडाचा, ठेंगणा व कामापुरता. त्यावर कोणी हवा खात उभा असलाच तर तो बोटीची वाट पाहून कंटाळलेला उतारू समजावा. पुष्कळ बंदरांत तर तोही नसे. आगबोट दूर खोल पाण्यांत उभी राही आणि उतारूंस पडावांतून, आणि शेवटीं खलाशांच्या खांद्यावरून, किनाऱ्यास लागावें लागे. इंग्लंडांतला पियर म्हणजे बारीक लोखंडी खांबांवर उभारलेला, समुद्रांत दूरवर शिरणारा आणि पलीकडे कोठेंच न पोहोंचणारा पूल होय. असे पूल आरंभीं बोटी लागण्याच्या सोयीसाठींच बांधले गेले. पण लौकरच लोकांस असा शोध लागला कीं, बोट असो वा नसो, पायांखालीं लाटा ठेवून कोरड्या पायांनीं समुद्रावर चालत जाण्यांत एक निराळीच मौज आहे. आणि मालकांस असा शोध लागला कीं, या मौजेसाठीं लोक दाराशीं पैसे मोजावयास तयार असतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आगगाडीनें शहरांतला कारकून, दुकानदार व गिरणीकामगार समुद्रकांठीं आणून सोडावयास प्रारंभ केला, १८७१ च्या कायद्यानें बँकांच्या सुट्ट्या ठरवून दिल्या, आणि इंग्लंडच्या किनाऱ्याभोंवतीं असे कोठेंच न पोहोंचणारे पूल एकामागून एक उठूं लागले.

क्लीव्हडनच्या धक्क्यास मात्र पोहोंचावयाचें ठिकाण होतें. गांवासमोर सेव्हर्नच्या विशाल मुखापलीकडे वेल्सचा किनारा दिसतो. तिकडे कोळशाच्या खाणी, लोखंडाचे कारखाने व माणसांची मोठी ये-जा. आणि आगगाडीनें जावयाचें तर भला मोठा वळसा. क्लीव्हडनला १८४७ सालींच लोहमार्गाचा फांटा आला होता. तेव्हां गाडीनें गांवापर्यंत यावें व बोटीनें पलीकडे जावें, अशी कल्पना निघाली. अडचण एकच होती, पण ती मोठी होती. येथें भरती-ओहोटीमधील अंतर सुमारें १४ मीटरांचें असतें. जगांत इतकी भरती फारच थोड्या ठिकाणीं येते. सकाळीं जेथें गढूळ पाणी उसळत असतें तेथें दुपारीं चिखल व खडक उघडे पडतात. अशा ठिकाणीं बोट किनाऱ्याशीं आणणें व्यर्थ. किनाराच बोटीपर्यंत नेला पाहिजे.

तो नेला जॉन विल्यम ग्रोव्हर व रिचर्ड वॉर्ड या दोन इंजिनिअरांनीं. लांबी १,०२४ फूट, प्रत्येकीं शंभर फुटांचे आठ गाळे, आणि खालीं कोळ्याच्या पायांसारखे बारीक खांब. इतका जोराचा प्रवाह असतां खांब इतके सडपातळ कां, असें पाहणारास वाटतें. पण प्रवाहास जितकी कमी छाती दाखवावी तितका तो कमी जोरानें आदळतो, हें त्यांतलें मर्म आहे. या खांबांचें लोखंड कोठून आलें हें पाहण्यासारखें आहे. बार्लो नांवाच्या इंजिनिअरानें १८४९ सालीं एका नव्या आकाराच्या रुळाचें पेटंट घेतलें होतें. हे रूळ खडीवर थेट टेकवावयाचे, खालीं लाकडी आडव्या तुळयांची गरज नाहीं, असा त्याचा दावा. ब्रुनेलनें दक्षिण वेल्सच्या लोहमार्गावर ते घातले. पण गाड्यांच्या भारानें ते फांकूं लागले, आणि थोड्याच वर्षांत उखडून टाकावे लागले. हे टाकलेले रूळ पाठीस पाठ लावून, रिबेटांनीं जोडून, ग्रोव्हरनें त्यांचे खांब केले. आडवें पडून जें लोखंड गाडीचा भार सोसूं शकलें नाहीं तेंच उभें केल्यावर समुद्राचा भार शंभर वर्षें सोसत राहिलें. १८६९ सालच्या ईस्टरच्या सुमारास धक्का खुला झाला. त्याच्या कंपनीमागें, हॅलमच्या आजोळचें जें एल्टन घराणें, त्याचाच हात होता.

मूळ हेतूप्रमाणें धक्क्याचें आयुष्य सतरा वर्षांचें ठरलें. १८८६ सालीं सेव्हर्न नदीखालचा बोगदा पुरा झाला, आगगाडी नदीच्या पोटांतून सरळ वेल्सला जाऊं लागली, आणि क्लीव्हडनच्या बोटीनें पलीकडे जाण्याचें कारणच उरलें नाहीं. व्यवहारदृष्ट्या पाहतां त्याच वेळीं हें लोखंड पुन्हां भंगारांत जावयास हरकत नव्हती. १८९१ सालीं कंपनीनें धक्का गांवच्या स्थानिक मंडळाच्या हवालीं केला. आणि जी वस्तु निरुपयोगी झाली म्हणून गांवाच्या गळ्यांत पडली तिच्यावर गांवानें पुढें दोन-तीन वर्षांतच नवें टोंक बांधलें व त्यावर एक सुबक मंडप उभारला! या उद्गारचिन्हाबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. पण आमच्या मतें क्लीव्हडनच्या धक्क्याचा खरा इतिहास येथूनच सुरू होतो. यापूर्वीं तो कंपनीचें एक साधन होता. यापुढें तो गांवचा झाला. सहलीच्या वाफेच्या बोटी ब्रिस्टलच्या खाडींतून फेऱ्या घालीत, धक्क्यास लागत, पाहुणे उतरत व चढत. आणि बोटी नसत त्या दिवशीं गांवचे म्हातारे मंडपांत बसून वेल्सचे डोंगर मोजीत.

दुसऱ्या महायुद्धानंतर हें सारें हळूहळू ओसरलें. यांत क्लीव्हडनचें कांहीं वेगळें दुर्दैव नव्हतें. इंग्लंडच्या बहुतेक समुद्रकांठच्या गांवांची हीच कथा. मोटारगाडीनें माणसास गांवाचा मुक्कामी पाहुणा न ठेवतां दुपारचा वाटसरू केलें. विमान स्वस्त झाल्यावर स्पेनचें ऊन इंग्लंडच्या पावसाशीं स्पर्धा करूं लागलें, आणि त्या स्पर्धेचा निकाल काय लागावयाचा हें सांगावयास नको. क्लीव्हडनला तर सोनेरी वाळूचा किनाराही नाहीं. खडक, गोटे व तपकिरी पाणी. १९६६ च्या ऑक्टोबरांत गांवचा एकशेंएकोणीस वर्षांचा लोहमार्ग बंद झाला. आमच्या लहानपणीं कोंकणच्या आगबोटी शेवटच्या घटका मोजीत होत्या, त्यामुळें अशा गांवांची कळा कशी असते हें आम्हांस थोडेंबहुत ठाऊक आहे. गांव मरत नाहीं. तें फक्त वाट पाहण्याचें सोडून देतें.

अशा स्थितींत १७ ऑक्टोबर १९७० हा दिवस उगवला. धक्क्याचा विमा चालू राहावा म्हणून त्याच्या बळकटीची परीक्षा मधून मधून घ्यावी लागे. दर चौरस फुटास ५० पौंड एवढा भार प्रत्येक गाळ्यावर ठेवून पाहावयाचा, अशी रीत होती. पाण्यानें भरलेल्या टांक्या एकेका गाळ्यावर मांडीत मांडीत परीक्षक समुद्राकडे सरकत गेले. आणि टोंकाजवळचे दोन गाळे त्या भारानें वांकून खालीं कोसळले. माणसाचा बळी गेला नाहीं. पण धक्का तुटला; आणि टोंकावरचा मंडप, किनाऱ्याशीं कसलाही संबंध न राहिलेला, एकटा समुद्रांत उभा राहिला. शंभर वर्षांत कोणत्याही एका दिवशीं एवढीं माणसें त्या गाळ्यांवर दाटीनें उभीं राहिलीं असतील काय, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. धक्का समुद्रानें पाडला नाहीं, माणसांच्या ओझ्यानेंही पाडला नाहीं. तो सुरक्षित आहे कीं नाहीं हें पाहण्यांत पडला.

पुढें काय करावयाचें? नगरमंडळाची बाजू आपण न्यायानें पाहिली पाहिजे, कारण अशा कथांमध्यें मंडळास खलपुरुष करून टाकणें फार सोपें असतें. दुरुस्तीचा खर्च एका लहान गांवाच्या आवांक्याबाहेरचा होता. रस्ते, गटारें, शाळा यांवर खर्चावयाचा पैसा जुन्या रुळांच्या डागडुजींत घालावा काय, असें एखाद्या सभासदानें विचारलें तर त्यास मूर्ख म्हणतां येणार नाहीं. त्यांत १९७४ सालीं स्थानिक कारभाराची पुनर्घटना झाली. क्लीव्हडनचें स्वतःचें मंडळ जाऊन वुडस्प्रिंग नांवाच्या मोठ्या जिल्हामंडळांत तें गांव सामील झालें. या जिल्ह्यांतलें मुख्य शहर वेस्टन-सुपर-मेअर. त्याचा किनारा मोठा, त्याचे धक्के निराळे, त्याचे पाहुणे अधिक. एखाद्या गांवच्या वस्तूची किंमत गांवाबाहेर बसलेल्या माणसांनीं ठरविण्याची वेळ आली कीं हिशेब बहुधा बरोबर येतो आणि निर्णय बहुधा चुकतो. १९७९ सालीं जिल्हामंडळानें धक्का पाडून टाकण्याची परवानगी मागितली.

इकडे गांवांतील मंडळी स्वस्थ नव्हती. धक्का पडल्यानंतर थोड्याच वर्षांत त्याच्या रक्षणासाठीं लोकांनीं एक विश्वस्तसंस्था स्थापन केली, वर्गण्या गोळा करण्यास आरंभ केला, आणि मोडक्या धक्क्यास पाहुण्यांपुढें लाजेची वस्तु न समजतां अभिमानाची वस्तु म्हणून दाखविण्याचा क्रम सुरू केला. राजकवि जॉन बेट्जेमन हे जुन्या इमारतींचे प्रख्यात कैवारी. त्यांनींही या धक्क्याचा पक्ष घेतला. पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ‘गांवकऱ्यांनीं पैसे जमवून धक्का पुन्हां बांधला’ अशी जी गोड कथा सांगण्यांत येते ती जशीच्या तशी खरी नाहीं. वर्गणीच्या पैशानें एवढें काम होणें शक्य नव्हतें. पुढें जो मोठा निधि आला तो राष्ट्राच्या तिजोरींतून व सोडतीच्या उत्पन्नांतून आला. मग गांवकऱ्यांनीं मिळविलें तें काय? आमच्या मतें त्यांनीं मिळविला तो मुख्यतः वेळ.

हें विधान थोडें उलगडून दाखविणें अवश्य आहे. १९६८ पूर्वीं इंग्लंडांत एखादी ऐतिहासिक म्हणून नोंदलेली इमारत मालकास पाडावयाची असल्यास त्यानें आगाऊ नोटीस द्यावी एवढेंच बंधन असे. मुदतींत सरकारनें हरकत घेतली नाहीं तर कुदळ चालविण्यास तो मोकळा. १९६८ च्या नगररचनेच्या कायद्यानें ही रीत पालटली व स्पष्ट संमति मिळाल्याशिवाय अशी इमारत पाडतां येऊं नये असें ठरविलें. क्लीव्हडनचा धक्का अशा संरक्षित यादींत होता. म्हणूनच जिल्हामंडळास परवानगी मागावी लागली, म्हणूनच १९८० सालीं जाहीर चौकशी भरली, आणि म्हणूनच गांवच्या सामान्य माणसास उभें राहून साक्ष देतां आली. हा धक्का चार वर्षें आधीं पडला असता तर आमच्या या लेखास विषय मिळाला नसता. चौकशीचा निर्णय धक्क्याच्या बाजूनें झाला, व पाडण्याची संमति नाकारण्यांत आली.

परंतु पाडावयाचें नाहीं म्हणजे बांधावयाचें असें नव्हे. येथें कालगणना लक्षांत घ्यावी. राष्ट्रीय वारशाचा स्मारकनिधि स्थापन झाला तो १९८० सालींच. इंग्लिश हेरिटेज ही संस्था १९८३ च्या कायद्यानें जन्मास आली. आणि जिच्या उत्पन्नांतून पुढें जुन्या वास्तूंस साहाय्य मिळूं लागलें ती राष्ट्रीय सोडत तर १९९४ सालीं सुरू झाली. १९७० सालीं धक्का कोसळला त्या दिवशीं, ज्यांनीं त्यास शेवटीं उचलून उभें केलें त्यांपैकीं एकही संस्था अस्तित्वांत नव्हती. गांवकरी ज्या मदतीची वाट पाहत होते ती देणारा हात अद्याप जन्मलाच नव्हता, आणि हें त्यांस ठाऊकही असणें शक्य नव्हतें. सभा भरवून, अर्ज करून, वर्गण्यांच्या याद्या फिरवून, वर्तमानपत्रांत पत्रें लिहून त्यांनीं केलें तें एवढेंच कीं, तुटका धक्का समुद्रांत उभा ठेवला. दहा वर्षें. पुढें आणखी पांच वर्षें. इतिहासकारांस कृति दिसते, विलंब दिसत नाहीं; अमुक सालीं अमुक झालें असें लिहितां येतें, पण अमुक सालीं अमुक होऊं दिलें नाहीं, याची नोंद कोणत्या रकान्यांत करावयाची?

१९८५ सालीं काम सुरू झालें. धक्का तुकड्या-तुकड्यांनीं सोडवून जवळच्या पोर्टिसहेडच्या गोदींत नेण्यांत आला, तेथें गंजलेलें लोखंड साफ करून, कुजलेलें बदलून, पुन्हां आणून जोडण्यांत आला. २७ मे १९८९ रोजीं लोक पुन्हां त्यावर चालूं लागले. टोंक व मंडप यांच्या दुरुस्तीस सोडतीचा पैसा येईपर्यंत थांबावें लागलें. तें काम १९९८ च्या मे महिन्यांत पुरें झालें. म्हणजे १९७० च्या त्या ऑक्टोबरापासून अठ्ठावीस वर्षें झालीं. बेट्जेमन १९८४ सालींच वारले. लोखंडाचा एक तुकडाही जागचा हललेला त्यांनीं पाहिला नाहीं. विश्वस्तसंस्थेच्या पहिल्या सभांस जे चाळिशींत होते ते मंडप उघडला तेव्हां सत्तरीच्या घरांत आले होते. आणि जे तेव्हांच सत्तरीचे होते त्यांच्याविषयीं काय बोलावें! २००१ सालीं धक्क्याची नोंद संरक्षित वास्तूंच्या पहिल्या वर्गांत झाली.

या पहिल्या वर्गांत त्या काळीं असा दुसरा एकच धक्का होता, आणि त्याची आठवण केल्यावांचून ही हकीकत प्रामाणिकपणें सांगतां येत नाहीं. ब्रायटनचा पश्चिम धक्का १८६६ सालीं खुला झाला. कीर्तीनें व वैभवानें तो क्लीव्हडनहून कितीतरी मोठा; त्यावर नाट्यगृह होतें, संगीतगृह होतें. तो १९७५ सालीं बंद पडला. त्याच्याही रक्षणासाठीं लोकांनीं संस्था काढली, त्यांसही वर्षानुवर्षें झगडावें लागलें, सोडतीच्या उत्पन्नांतून मोठी रक्कमही मंजूर झाली. पण काम उभें राहण्यापूर्वींच २००२ च्या डिसेंबरांत त्याचा भाग कोसळला, आणि पुढील वर्षीं मार्च व मे महिन्यांत लागलेल्या आगींनीं त्याचा केवळ सांगाडा ठेवला. ब्रायटनच्या लोकांचें प्रेम कमी पडलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. वेळ त्यांनींही मिळविला होता. समुद्रानें व अग्नीनें तो त्यांच्या हातून हिसकावून घेतला. क्लीव्हडनचा धक्का लहान होता, साधा होता, त्यावर जळण्यासारखें फारसें नव्हतें, आणि तो दुरुस्त करणें आवांक्यांत आणतां येण्यासारखें होतें. दारिद्र्याचा असाही कधीं कधीं उपयोग होतो.

धक्का उभा राहिला म्हणून क्लीव्हडनचे जुने दिवस परत आले काय? तसें कोणी म्हणूं नये. उखडलेला लोहमार्ग पुन्हां घातला गेला नाहीं, आणि पंधरा-पंधरा दिवस मुक्काम करणारीं कुटुंबें परतलीं नाहींत. पण कांहीं गोष्टी निःसंशय घडल्या. ‘वेव्हर्ली’ ही चाकाची वाफबोट, जी १९७४ सालीं अवघ्या एका पौंडास जुन्या बोटींच्या अभिमानी मंडळींनीं विकत घेतली होती, ती उन्हाळ्यांत पुन्हां या धक्क्यास लागूं लागली. एक भंगारांतून वांचलेली वस्तु दुसरीस भेटावयास यावी तशी. १९९९ सालीं व पुन्हां २०१३ सालीं धक्क्यांच्या राष्ट्रीय मंडळानें क्लीव्हडनला त्या वर्षाचा उत्कृष्ट धक्का ठरविलें. इशिगुरोच्या एका कादंबरीवरच्या चित्रपटाचें थोडें चित्रीकरण येथें झालें; २०१४ सालीं गाणाऱ्या तरुणांच्या एका जगप्रसिद्ध टोळीनें आपल्या गीताचें चित्रण येथें केलें. टेनिसनचें थडग्याचें गांव पाहावयास जितके लोक दीडशें वर्षांत आले नसतील तितकीं पोरें त्या गाण्यासाठीं आलीं असतील, हें आमच्यासारख्यांस रुचणारें नसलें तरी नाकारण्यांत अर्थ नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट आम्हांस अशी वाटते कीं, गांवास एक सवय लागली. १९१२ सालचें तेथील चित्रपटगृह १९९० नंतरच्या दशकांत बंद पडण्याच्या बेतांत आलें, तें गांवकऱ्यांनीं आपल्या हातीं घेऊन चालविलें. किनाऱ्यालगत १९२९ सालीं बांधलेलें एक पोहण्याचें तळें आहे. मोठ्या भरतीचें पाणी त्यांत आपोआप शिरतें व ओहोटीच्या वेळीं आंत राहतें, म्हणजे जेथें समुद्र सहा-सहा तास नाहींसा होतो तेथें थोडा समुद्र धरून ठेवण्याची ती युक्ति. तें गाळानें भरून, भिंती झिरपूं लागून अवकळेस गेलें होतें. त्याच्याहीसाठीं गांवांत संस्था निघाली, त्याच मार्गानें निधि आला, आणि २०१५ च्या सुमारास गाळ उपसून तें पुन्हां वापरांत आलें. धक्क्यानें पाहुणे किती आणले याचा हिशेब कोणी मांडो. ‘असें करतां येतें’ हें गांवास ज्या दिवशीं कळलें त्या दिवसाचा हिशेब मांडणें कठीण आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्हांस क्लीव्हडनला जाण्याचा योग आला. आम्ही प्रथम अर्थात् टेंकडीवरच्या सेंट अँड्र्यूच्या देवळांत गेलों, हॅलमच्या स्मृतिलेखापुढें उभे राहिलों, आणि वर्गांत इतकीं वर्षें जें बोलत आलों तें मनांतल्या मनांत पुन्हां बोललों. देवळांत दुसरें कोणी नव्हतें. तेथून किनाऱ्याकडेनें धक्क्यावर आलों. ओहोटी होती, खांबांचे पाय चिखलांत रुतलेले उघडे दिसत होते, आणि ते रूळ आहेत हें माहीत असल्यामुळें त्यांच्याकडे पाहतांना आम्हांस उगीचच आदर वाटला. दारांत तिकीट घेऊन आम्ही चालूं लागलों, आणि मग पायांखालीं व बांकांच्या पाठींवर लक्ष गेलें.

सर्वत्र पितळी पाट्या आहेत. दुरुस्तीच्या वेळेपासून ज्यांनीं देणगी दिली त्यांच्या नांवाची किंवा ते सांगतील त्या मजकुराची एक लहान पाटी धक्क्यावर लावण्याची चाल पडली. त्या आतां हजारोंनीं आहेत. आम्हांस वाटलें होतें कीं, देणगीदारांचीं नांवें असतील, जशीं आमच्याकडे धर्मशाळेच्या फरसबंदीवर असतात. तशीं कांहीं आहेतही. पण वाचूं लागलों तों बहुतेक पाट्या गेलेल्या माणसांच्या निघाल्या. येथें रोज फिरावयास येणारे कोणाचे वडील. येथें मासे धरीत बसणारा कोणाचा भाऊ. ज्या नवऱ्यानें याच ठिकाणीं लग्नाची मागणी घातली तो नवरा. कांहींवर केवळ एक नांव व दोन सालें. कवितेची ओळ क्वचित्. बहुतेक ठिकाणीं भाषा इतकी साधी कीं वर्गांत शिकवावयास घेतली तर दहा मिनिटांत तास संपावा. भरती येईपर्यंत आम्ही त्या वाचीत राहिलों. टेंकडीवर एका मित्रासाठीं एक महाकवि सतरा वर्षें जें करीत होता तेंच खालीं या हजारों लोकांनीं प्रत्येकीं एका पाटीपुरतें केलें होतें, आणि त्या पाट्यांच्या आधारावर धक्का उभा होता.

‘इन् मेमोरियम्’ आम्हांस ज्यांनीं शिकविलें ते आमचे गुरुजी कधीं इंग्लंडास गेले नाहींत. क्लीव्हडनचें नांव आलें म्हणजे ते पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहत, आणि आम्ही पोरें एकमेकांस कोपरखळ्या मारीत असूं. परत दाराशीं आल्यावर आम्हीं तेथील स्वयंसेविका बाईंस विचारलें कीं, अशी पाटी परदेशांतल्या माणसास लावतां येते काय, आणि तिच्यावर इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपींतलीं अक्षरें कोरतां येतील काय. बाई वयानें आमच्याहून वडील असाव्यात. त्यांनीं क्षणभर विचार केला, मग एक कागद व पेन्सिल आमच्यापुढें सरकवून म्हटलें, “नीट सुवाच्य लिहून द्या म्हणजे झालें.”